तक्रार अशी की गेम अडकत नाही

आमच्या ऑफिसात दिवसभर मरण्याचा पगार मिळायचा. नवी मुंबईत महाप्याच्या एका काचेच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही अकरा जण बसायचो आणि जुने व्हिडिओ गेम खेळायचो. जुने म्हणजे आपल्या लहानपणीचे, टीव्हीच्या मागे वायर खुपसून खेळायचे ते. परदेशातल्या कंपन्या तेच गेम नव्या मशीनवर परत आणतात, आणि बाजारात जायच्या आधी ते कुठे फुटतात, कुठे बंद पडतात हे शोधून लिहून द्यायचं काम आमचं. शोधायचं तर खेळायला हवं, आणि खेळायचं तर मरायला हवं. माझ्या आईला अजून वाटतं की मी तेव्हा काहीतरी वेगळंच काम करत होते आणि घरी सांगायची मला लाज वाटत होती.

तर त्या अकरांत सगळ्यात मन लावून कोणी मरत असेल, तर त्या काकू.

काकू पन्नाशीच्या, बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यातल्या. बाकी सगळी पंचविशीतली पोरं, कानाला हेडफोन, हातात कोल्ड्रिंकचा कॅन. आणि मध्ये ह्या, डोक्यात अबोलीची वेणी, चपला टेबलाखाली, फिरत्या खुर्चीवर चक्क मांडी घालून. मांडी घातली की खुर्ची चाकांवर सरकायची. त्यावर काकूंनी उपाय काढला. घरून नायलॉनची दोरी आणली आणि होडी बांधतात तशी खुर्ची टेबलाच्या पायाला बांधून टाकली. ती गाठ साफसफाईवाल्यांना सुटेना, अ‍ॅडमिनच्या माणसाला सुटेना. शेवटी सगळ्यांनी नाद सोडला आणि काकूंची खुर्ची कायमची बंदरात लागली.

त्यांना घेतलं कसं, ही गोष्ट ऑफिसात नव्याने आलेल्या प्रत्येकाला सांगितली जायची. 'जुन्या गेमची माहिती हवी' एवढीच जाहिरात होती. मुलाखतीत मॅनेजरने विचारलं, अनुभव काय? काकूंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, त्यातून फडक्यात गुंडाळलेल्या गेमच्या सात कॅसेट काढल्या आणि म्हणाल्या, "ह्यातली कंची लावू?" मॅनेजरला वाटलं आपण या बाईंना सहज हरवू. बिचारा दुसऱ्याच लेव्हलला खड्ड्यात पडला आणि गेममध्ये चूक आहे म्हणाला.

"चूक गेमची नाय," काकू म्हणाल्या. "आदी नीट मर, मंग लिव."

हे वाक्य पुढे आम्हा सगळ्यांच्या डोक्यात बसलं. नवीन पोरगा एकदा मेला की लगेच रिपोर्ट टाईप करायला घ्यायचा. काकू मागून यायच्या, त्याचा हात धरायच्या. कसा मेलास? उजवीकडं तोंड करून का डावीकडं? उडी मारताना का बसलेला असताना? म्हाईत नाय? जा, धा वेला मर. आणि तो मुकाट्याने दहा वेळा मरून यायचा. गंमत म्हणजे दहातल्या आठ वेळा चूक त्याचीच निघायची.

मी त्यांची टीम लीड. गेममधल्या चुकीला आम्ही बग म्हणतो. सगळ्यांचे बग वाचायचे, खरे असतील ते इंग्रजीत नीट लिहून क्लायंटकडे पाठवायचे, नसतील ते बंद करायचे, हे माझं काम. काकूंचे बग मराठीत यायचे आणि वाचताना माझा जीव जायचा. एका गेममध्ये समुद्राचा सीन होता. काकूंचा बग: 'भरती चालू हाय आनि मासा उलटा पलतोय. असा मासा पलत नाय.' दुसऱ्यात धक्क्याला बांधलेली होडी होती. काकूंचा बग: 'गाठ चुकीची. सकाली होडी ऱ्हायची नाय.' मी हे क्लायंटला काय डोंबल पाठवणार? तरी होडीचा बग एकदा गंमत म्हणून पाठवला, तर तिकडच्या चित्रकाराने आभार मानले आणि गाठ बदलली. त्यानंतर काकूंना आवरणं मुश्कील झालं.

आमच्याकडे कपाटात जुनी खरी मशीनं आणि खऱ्या कॅसेट होत्या, नव्याशी ताडून बघायला. पहिल्यांदा मी त्यातली एक कॅसेट हातात घेतली आणि नकळत तोंडाशी नेऊन फू केलं. काकूंनी सटकन हातावर फटका मारला.

"थुकी उडवतंस? त्यानंच गंजतंय ते."

मग त्यांनी कंपासपेटीतलं असतं तसं खोडरबर काढलं आणि कॅसेटच्या पितळी दातांवरून हलक्या हाताने फिरवलं. काळं निघालं. कॅसेट पहिल्या झटक्यात चालू झाली. मी आ वासून बघत राहिले. अख्खं बालपण आम्ही फुंकर मारण्यात घालवलं होतं आणि कोणी शहाण्याने हे सांगितलं नव्हतं.

माझं बालपण नेरूळचं. दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी टीव्ही गेम आणला होता. कॅसेटवर छापलेलं, नऊ हजार नऊशे नव्याण्णव गेम. मी आणि माझ्या भावाने ते सगळे मोजायला घेतले, तर तेच आठ गेम नाव बदलून पुन्हा पुन्हा यायचे. फसवणूकच ती, पण आम्ही इतके खूश होतो की बाबांना सांगितलं नाही. स्टेशनजवळ एक पार्लर होतं, तिथे म्हणे मोठी मशीनं होती. मला पाठवलं नाही. मुली तिथे जात नाहीत, विषय संपला. भाऊ जाऊन यायचा आणि रात्री जेवताना फुशारक्या मारायचा. मला त्याचा इतका राग यायचा की एकदा मी त्याच्या वरणात मिठाचा चमचा उपडा केला होता.

हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, त्यांच्या घरालाही तशी एक खोली होती. थोरल्या भावाची, म्हणजे दादूसची. दादूस होडीवर जायचा, आल्यावर खोली उघडायचा. दोन टीव्ही, दोन मशीनं, जमिनीवर चटई. दादूस खाडीत असला की गल्ल्यावर काकू. "आमच्या खोलीत पोरी पन यायच्या. चपला भायेर काढायच्या, येवढाच कायदा." माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर ती खोली होती आणि मला तिचा पत्ताच नव्हता. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी पन्नाशीच्या बाईचा हेवा वाटला.

त्यांची अजून एक सवय होती, ती मात्र आम्हाला निव्वळ विक्षिप्तपणा वाटायची. कुठलाही गेम पुढे पाठवायच्या आधी काकू तो एकदा डोळे मिटून खेळायच्या. पोरं त्यांचे व्हिडिओ काढायची. काकू, झोप लागली का, म्हणून चिडवायची. "डोले फसवतात," एवढंच म्हणायच्या आणि मिटल्या डोळ्यांनी राक्षस मारायच्या.

मग मशालवाला आला.

त्या गेमचं खरं नाव लांबलचक होतं. लहानपणी आम्ही सगळेच त्याला मशालवाला म्हणायचो, कारण त्यात एक माणूस मशाल घेऊन धावतो. चौथ्या लेव्हलला तुटका पूल आहे. पुलाच्या मध्यावर एकदम आठ वटवाघळं येतात. जुन्या मशीनला एवढी गर्दी झेपायची नाही. त्याला धाप लागायची, अर्धा श्वास सगळं संथ व्हायचं, मागची धूनसुद्धा ओढल्यासारखी खाली यायची. ज्याने ज्याने हा गेम खेळलाय त्याच्या अंगठ्याला हे माहीत आहे. धून रेंगाळली की उडी. नवं मशीन ताकदवान. त्याच्यावर आठ काय, आठशे वटवाघळं आली तरी धाप लागत नाही. पूल कसा लोण्यासारखा पार होतो. क्लायंट खूश, आम्ही खूश.

दुसऱ्या दिवशी काकूंचा बग आला. 'चौथी लेवल. पूल. वटवाघलं आली. गेम अडकत नाय.'

मी तो मोठ्याने वाचून दाखवला. अख्खी टीम हसली, मीही. गेम अडकतो ही तक्रार रोज यायची. अडकत नाही ही तक्रार करणारं माणूस जगात एकच. मी बग बंद केला. काकूंनी परत उघडला. मी कारण लिहून बंद केला. काकूंनी उघडला. असा दुसऱ्यांदा उघडला तेव्हा मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं आणि तुमच्या टीमला शिस्त नाही का म्हणाला. मी तणतणत काकूंच्या टेबलाशी गेले.

"काकू, आधी बिघडलेलं होतं ते आता सुधारलंय. ते परत बिघडवून द्या असं कोणाला सांगू मी?"

"बिगडवू नको. व्हतं तसं दे."

"का पण? कोणाचं काय अडलंय?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी सांगतील असं वाटलं. मग खुर्ची वळवायला गेल्या, ती बांधलेली, वळेना. तशाच पाठ करून बसल्या. "ज्याला उडी मारायची त्याचं अडलंय," म्हणाल्या. मी तिसऱ्यांदा बग बंद केला, आणि काकू माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या.

पुढच्याच आठवड्यात ऑफिसातल्या जुन्या मशीनमधून धूर आला. क्लायंटला जुन्या गेमची एक रेकॉर्डिंग हवी होती, काकू रजेवर होत्या. नाइलाजाने फोन केला. "माज्याकडं हाय मशीन," त्या कोरडेपणाने म्हणाल्या. "पन ते हलवायचं नाय. तू ये." रविवारी दुपारी मी दिवाळ्याला गेले. गल्लीत दोन्ही बाजूंना सुकत घातलेली मासळी, बाजारातून परतलेल्या बायका दारात पाय पसरून बसलेल्या. काकूंचं घर विचारलं तर एकीने नुसतं कानाला हात लावून दाखवलं. आवाज ऐक, म्हणाली.

खरंच, शेवटच्या घरातून मशालवाल्याची धून येत होती.

आत साठीच्या पुढचे एक गृहस्थ चटईवर बसले होते. समोर जुना डबा टीव्ही. हातात मशीनचा रिमोट, अंगठे भराभर चाललेले. आणि टीव्ही काळाठिक्कर. चित्रच नाही. नुसता आवाज.

मी पटकन बोलून गेले, "अहो काका, टीव्ही गेलाय तुमचा. चित्र दिसत नाहीये."

"चार वर्सं झाली," ते म्हणाले. "मना काय फरक पडतंय?"

काकू आतून पाणी घेऊन आल्या आणि मला सगळं एकदम कळलं. हेच दादूस. काकूंनी सांगितलं, साखरेच्या आजाराने त्यांचे डोळे गेले होते. होडी सुटली, बाजार सुटला, पत्त्यांचा डाव सुटला. राहिला तो एकच गेम, कारण तो कानांनी खेळता यायचा. वटवाघूळ कुठून आलं हे त्याच्या किचकिचण्यावरून, खड्डा आला हे पावलांच्या आवाजावरून. आणि पुलावर कधी उडी मारायची हे, धून रेंगाळली की.

मी चटईवर बसले. चौथी लेव्हल आली. तेवढ्यात मशीन खरखरलं आणि आवाज गायब. खाडीच्या खाऱ्या हवेने ते आतून खाल्लं होतं. मला वाटलं, संपलं. पण काकूंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि दादूसच्या अंगठ्यांकडे बघत तोंडाने धून सुरू केली. टिंग टिडिंग, टिंग टिडिंग. पावलं, वटवाघळं, सगळं तोंडाने. पुलाच्या मध्यावर त्यांनी सूर ओढला, अगदी मशीनला धाप लागायची तेवढाच. दादूसनी उडी मारली. खरखर थांबून मशीनचा आवाज परत आला तेव्हा मशालवाला पुलाच्या पलीकडे धावत होता.

मला तिथे रडू यायला लागलं आणि मी मोबाईल शोधण्याचं नाटक केलं.

"रोज असं करता?" दारात मी काकूंना विचारलं.

"मी असली की खेलतंय. मी कामावर असली की नुसता बसतंय. मशीन आता कंदी पन जाईल. म्हनून नव्यावर नीट पायजे. मंग त्याला माजी गरज नाय."

"मग हे मला सांगायला काय झालं होतं?"

"मी बग लिवला व्हता," काकू म्हणाल्या. "त्यात भाऊ कशाला आनू? चुकला तर गेम चुकला. दया नको."

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. दहा वेळा मरून मग लिहिणाऱ्या बाईचा बग मी एकदाही न मरता तीनदा बंद केला होता.

सोमवारी बग मी उघडला, माझ्या नावावर. जुन्या आणि नव्या मशीनवरची ती धून शेजारी शेजारी लावली आणि लिहिलं की या गेममध्ये लोक डोळ्यांनी नाही, धुनीवर उडी मारतात, आणि ती धून आपण बदलली आहे. दादूसचं नाव कुठेही घातलं नाही. मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, तीनदा तुम्हीच बंद केलात ना? हो म्हटलं, चुकले. क्लायंटचं उत्तर आठ दिवसांनी आलं. मुद्दा बरोबर आहे, पण गेम आता डिस्कवर छापून बाजारात गेला. पुढच्या अपडेटमध्ये जुन्या वेगाचा पर्याय देऊ. कधी, ते सांगितलं नाही.

त्यानंतर प्रोजेक्टच संपलं. निम्म्या लोकांची कंत्राटं संपली, त्यात काकूही. केक आणला, काकूंनी त्याच्यावरचं क्रीम बाजूला सारून खाल्ला. जाताना खुर्चीची गाठ एका बोटाने सोडली आणि दोरी पिशवीत टाकली. ऑफिस त्या दिवसापासून मला आवडेनासं झालं.

अपडेट काही येईना. मी तिकडे मेल करायचे, तिकडून 'यादीत आहे' असं यायचं. मग एका सकाळी काकूंचा फोन आला. "गेलं गो मशीन." एवढंच बोलल्या. खोडरबर झालं, रॉकेल झालं, बेलापूरचा दुरुस्तीवाला झाला. दादूस आता सकाळी धक्क्यावर जाऊन बसायचे ते जेवायलाही बोलवावं लागायचं. मी रोज अपडेट बघायचे, कामावर, घरी, रिक्षात. परीक्षेच्या निकालालाही मी इतकं कधी बघितलं नसेल.

दोन महिन्यांनी आलं. मेनूत खाली एक बारीकशी ओळ होती, जुना वेग. मी माझं नवं मशीन घरच्या टीव्हीवरून उपटलं, पिशवीत घातलं आणि तशीच दिवाळ्याला निघाले. दादूसना धक्क्यावरून हाताला धरून आणलं. काळ्या टीव्हीला नव्या मशीनची वायर बसेना, म्हणून शेजारणीच्या मुलीचा टीव्ही उचलून आणला. त्याला चित्र होतं. किती वर्षांनी त्या घरात मशालवाला दिसला, आणि बघायला फक्त आम्ही दोघी.

दादूसनी रिमोट हातात फिरवून बघितला. बटणं मोजली. "हलका हाय," म्हणाले. पहिल्या लेव्हलला दोनदा मेले. काकू त्यांच्या शेजारी, गुडघ्यावर हात ठेवून, ताठ. दुसरी गेली, तिसरी गेली. चौथीला पूल आला आणि मी श्वास रोखला, कारण आता ते चाललं नाही तर पुढे करायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

वटवाघळं आली. आठच्या आठ. धून ओढली गेली, खाली आली, आणि सवयीने काकूंनी तोंड उघडलं. टिंग टिडिंग...

"गप गो," दादूस म्हणाले. "आयकू दे मना."

काकूंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. दादूसनी उडी मारली, आणि पुलापलीकडची पावलं वाजायला लागली. मी पडद्याकडे बघितलंच नाही, मी काकूंकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि दादूसना ऐकू जाऊ नये म्हणून त्या नाकसुद्धा ओढत नव्हत्या.